बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी आणि मुलाचा न थांबणारा खोकला

चिमणचारा | ६ जुलै, रात्री १०:५०

आमचं घर बोरिवली पश्चिमेला. १९८८ सालची इमारत, तळ अधिक तीन मजले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला गेले तीन पावसाळे बुरशी येते. आधी रंगाचे पोपडे सुटतात, मग हिरवट ठिपके दिसतात आणि जुलै संपेपर्यंत छतापासून खाली वीतभर रुंद काळा पट्टा उतरतो. कपाट उघडलं की कुबट वास. मागच्या वर्षी लग्नातल्या शालूवर पांढरे ठिपके आले, तेव्हा मी अक्षरशः रडले.

दोनदा रंग लावून झाला. दुसऱ्या वेळी बुरशी धरत नाही म्हणून महागडा रंग घेतला, तो गणपतीपर्यंतही टिकला नाही.

मुलगा सात वर्षांचा आहे. जून लागला की रात्री खोकला सुरू. सरबत, वाफ, हळदीचं दूध, सगळं झालं. आजोळी नाशिकला नेला की चार दिवसांत खोकला थांबतो आणि परत आणला की आठवड्यात सुरू होतो. हे भिंतीमुळे असू शकतं का? की मी उगाच दोन गोष्टी जोडतेय?

आणखी एक. आमच्या बेडरूमच्या वर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूम येतं, निदान त्याचा एक कोपरा तरी. प्लंबर आणून बघून घ्या असं त्यांना वर्षभर सांगतोय. "आमच्याकडून थेंब गळत नाही" एवढंच उत्तर मिळतं. आता जिन्यात भेटलो तरी बोलणं नाही. अशा वेळी काय करता येतं?

कोळंबीभात | ६ जुलै, रात्री ११:१५

व्हिनेगर फवारून तासाभराने पुसून टाक. माझ्या मोरीच्या टाइल्सवरचे डाग गेले होते. शालू ड्राय क्लीनिंगला दे, जातात ते ठिपके. डांबराच्या गोळ्या ठेवत जा कपाटात.

अण्णा_गिरगाव | ७ जुलै, सकाळी ७:०५

ताई, घाबरू नका. आमचं सगळं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला व्हायचा. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसं. कुणी मेलं नाही बुरशीने. हल्लीची मुलं बंद घरात वाढतात म्हणून नाजूक होतात.

छातीची_डॉक्टर | ७ जुलै, दुपारी २:३०

चिमणचारा, तुम्ही उगाच जोडत नाही आहात. घर सोडलं की बरं आणि परतलं की पुन्हा सुरू, ही माहिती आम्हाला फार उपयोगी पडते. डॉक्टरांना ती तारखांसकट सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि आधीपासून असलेला दमा बळावणं हे सगळं जास्त आढळतं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. बुरशीचे बीजाणू आणि तिचे बारीक तुकडे हवेत उडतात, श्वासातून आत जातात आणि ज्यांची श्वासनलिका संवेदनशील आहे त्यांना त्रास होतो. प्रत्येकाला होत नाही. म्हणून एकाच घरात एक खोकतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही.

सात वर्षांचं मूल साधारणपणे स्पायरोमेट्रीसाठी, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजायच्या तपासणीसाठी, नीट फुंकर मारू शकतं. छातीच्या किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवून दमा आहे का ते बघून घ्या. असला तर इनहेलर द्यायला कचरू नका. "सवय लागते" या भीतीने मुलांचे पावसाळेच्या पावसाळे खोकण्यात जातात, हे मी रोज बघते. आणि आज रात्रीपासून त्याला त्या खोलीत झोपवू नका.

एक विचारते. बेडरूमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं बसतात का? वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना वेगळ्या प्रकारची इजा करते. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली एवढा वाद झाला, त्यात ही गोष्ट मात्र खरी होती.

उपासाची_मिसळ | ७ जुलै, दुपारी ३:१०

डॉक्टर, २०२१ साली करोनानंतर ज्या काळ्या बुरशीने लोकांचे डोळे काढावे लागले, ती हीच का? माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि आमच्याही न्हाणीघरात काळे डाग आहेत. हा धागा वाचून झोप उडाली.

छातीची_डॉक्टर | ७ जुलै, रात्री ९:००

नाही, ती वेगळी. तो म्युकरमायकोसिस. त्या बुरशा माती, कुजका पाला, शिळं अन्न अशा सगळीकडे असतात. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडचे मोठे डोस, खालावलेली प्रतिकारशक्ती अशा वेळी त्या शरीरात घुसतात. बुरशी स्वतः काळी नसते. रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती काळी पडते, त्यावरून ते नाव पडलं. तुमच्या न्हाणीघरातले डाग बहुधा क्लॅडोस्पोरियम, अ‍ॅस्परजिलस असल्या नेहमीच्या मंडळींचे असतील. सासऱ्यांची साखर आटोक्यात ठेवा आणि डाग त्यांना पुसायला लावू नका.

रंगावरून बुरशीचा प्रकार ओळखता येत नाही आणि घरी तपासणी करून घेण्याचीही सहसा गरज नसते. कुठलीही असली तरी ती काढायची आणि ओल थांबवायची, हेच करायचं असतं.

ओळंबा | ८ जुलै, सकाळी ६:४५

मी सिव्हिल इंजिनिअर. तीस वर्षं मुंबईतल्या गळत्या इमारतींचीच कामं करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

बुरशीला खायला धूळ, रंग, प्लायवूड, कागद काहीही चालतं आणि हवा तर असतेच. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. जुलैत मुंबईत बाहेरची सापेक्ष आर्द्रताच बहुतेक वेळा ८०% च्या वर असते. घरात ती ६०% च्या खाली राहिली तर बुरशीला सहसा जमत नाही. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, एक घेऊन ठेवा. पण तुम्ही सांगताय तसा वरून खाली उतरणारा पट्टा निव्वळ दमट हवेने येत नाही. तिथे कुठून तरी पाणी येतंय. ते सापडेपर्यंत रंगावर एक रुपया घालवू नका. ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक रंग म्हणजे ओल आत कोंडणं. ती महिन्याभरात रंग ढकलून बाहेर येणारच.

आता सांगा:

एप्रिल-मेमध्ये तो डाग पूर्ण सुकतो का?

जोराची सर येऊन गेल्यावर किती वेळाने तो वाढतो?

भिंतीवर कुठे मिठासारखी पांढरी पूड येते का? पाणी फवारलं की विरघळणारी पूड म्हणजे खार, बुरशी नव्हे. पाणी भिंतीतूनच येतंय याची ती खूण.

आणि बाहेरच्या बाजूने, नेमक्या त्या जागी काय आहे? खाली जाऊन वर बघितलंय का कधी?

चिमणचारा | ८ जुलै, सकाळी ११:२०

खरं सांगते, बाहेरून कधी बघितलंच नाही. मे महिन्यात भिंत खडखडीत कोरडी असते, म्हणून तर रंगारी मे महिन्यात बोलावतो. सर आल्यावर दोन-तीन तासांनी डाग गडद होतो. पांढरी पूड आहे, खालच्या बाजूला.

डॉक्टर, आजपासून मुलगा हॉलमध्ये झोपेल. कबुतरं आहेत आणि खूप आहेत. त्यांना जाळी लावायला माणूस बोलावलाय.

ओळंबा | ८ जुलै, सकाळी ११:४०

मे महिन्यात काकू अंघोळ करत नाहीत का?

वरच्या बाथरूममधून गळत असतं तर डाग बारा महिने ओला राहिला असता. पावसाबरोबर येतो आणि उन्हाळ्यात सुकतो, तर बाहेरून पाणी शिरतंय. बाथरूम पूर्ण निर्दोष आहे असं न बघता म्हणणार नाही, पण माझा पहिला संशय बाहेरच्या भिंतीवर. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, पश्चिमेची भिंत सगळा मार खाते.

कोळंबीभात | ८ जुलै, दुपारी १२:०५

बिचाऱ्या काकू! त्यांच्या अंघोळीवरून वर्षभर भांडण.

राजू_रंगारी | ८ जुलै, रात्री ८:१५

मी रंगाचं काम करतो. ओळंबा साहेब बोलले ते बरोबर आहे. आम्ही सांगतो भिंत सुकू दे, लोक बोलतात पाहुणे येणार आहेत, उद्या मारून टाक. मग पोपडे आले की आमच्या नावाने ओरडतात.

ताई, सध्या डाग साफ करायला ब्लीचिंग आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड थोडं थोडं मिक्स करून मारतात काही लोक. एका मिनिटात पांढरं होतं.

छातीची_डॉक्टर | ८ जुलै, रात्री ८:३०

राजूभाऊ, कृपा करून हे कुणालाही सांगू नका आणि स्वतःही करू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने माणसं बेशुद्ध पडतात, फुप्फुसात पाणी भरतं. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळायचं नाही.

ओळंबा | ८ जुलै, रात्री ९:१०

डॉक्टरांना दुजोरा. शिवाय प्लास्टरसारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर ब्लीच वरवर काम करतं. रंग उडतो, म्हणून बुरशी गेल्यासारखं वाटतं, पण आतली तशीच राहते. आणि मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होते, म्हणून मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं.

कोळंबीभात यांचं व्हिनेगर टाइल्सवर चालेल, संगमरवर किंवा कडाप्प्यावर नको. भिंतीला साधं साबणाचं पाणी पुरे. मुलाला दुसरीकडे पाठवा, खोलीचं दार बंद करा, पंखा बंद आणि खिडकी उघडी ठेवा. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा घाला. आधी भिंत ओली करा, मग फडक्याने पुसा. कोरडा ब्रश घासला तर सगळे बीजाणू घरभर. फडकी पिशवीत बांधून फेकून द्या. डाग साधारण दहा चौरस फुटांपेक्षा मोठा असेल किंवा प्लास्टर हाताने सुटत असेल, तर माणूस लावून ते खरवडून काढावं. कपाटाच्या फुगलेल्या प्लायची माया करू नका.

डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. तान्ही बाळं असलेल्या घरात तर त्या नकोतच.

जांभा_चिरा | ९ जुलै, सकाळी ९:३०

आमच्याकडे रत्नागिरीला पाऊस मुंबईपेक्षा जास्त, तरी जुन्या घरात एवढी बुरशी नसायची. उतरतं छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असायचं, पागोळ्या लांब पडायच्या. भिंतीपर्यंत पाणी यायचंच नाही. शिवाय पश्चिमेच्या पडवीला मे महिन्यात झावळ्यांची झापं बांधायचे. मुंबईच्या सपाट भिंतींना धड छज्जेही नाहीत. पावसाळ्यात तुम्ही इमारतींवर चढवता ते निळं प्लॅस्टिक म्हणजे आमचं झापच.

अजून एक. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून आम्ही पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. वडील सांगायचे, घराला चुना काढतानाही त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे. बुरशीवरचा इलाज माहीत होता, नाव माहीत नव्हतं.

ओळंबा | ९ जुलै, सकाळी १०:००

अण्णांच्या चाळीचं उत्तरही यात आहे. जुन्या चाळींना चुन्याचा गिलावा होता. चुन्यातून वाफ आरपार जाते, ओल कोंडत नाही, आणि चुना इतका अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. दर वर्षी सफेदी व्हायची. दारं दिवसभर उघडी, झडपांच्या लाकडी खिडक्या, वर उंच छत. आता अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, पीओपीचं छत, भिंतीला चिकटवलेली कपाटं. आणि दोरीवर पंख्याखाली वाळणारे कपडे! पिळलेल्या एका बादलीभर कपड्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी शेवटी त्याच खोलीच्या हवेत जातं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून निदान तीन बोटं पुढे ओढा.

भाड्याचं_घर | ९ जुलै, रात्री ११:५५

अंधेरीत अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मार्चमध्ये घर बघितलं, नवा रंग, सुंदर. जुलैत भिंतीतून झरा. घरमालक म्हणाला तुम्ही खिडक्या उघडत नाही म्हणून होतं, आणि निघताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. आता नवं घर बघतो ते भर पावसाळ्यात, पाऊस चालू असताना. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की तिथून निघतो. राहायला जाताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

कलिना_पाणी | १० जुलै, दुपारी १:१५

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आईने गाद्या गच्चीत वाळवल्या आणि वापरायला काढल्या. त्यांचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. भावाला त्याच वर्षी पहिल्यांदा दम्याचा पंप लागला. तेव्हा कुणी सांगितलं नाही की दिवस-दोन दिवसांत जे पूर्ण सुकत नाही ते फेकून द्यावं. सांगितलं असतं तरी नव्या गाद्या आणायला पैसे कुठे होते, हाही प्रश्नच.

सेक्रेटरी_नाइलाजाने | १० जुलै, रात्री ९:४५

आमच्या सोसायटीचा बारा वर्षं सेक्रेटरी आहे. गळतीची भांडणं सोडवण्यात निम्मं आयुष्य गेलं. आदर्श उपविधी स्पष्ट आहेत. गच्ची, बाहेरच्या सामाईक पाइपलाइन, पावसाच्या पाण्याची गळती हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती ज्याची त्याची. फोटो आणि तारखा जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीचं पुढे काही होत नाही.

शिवाय १९८८ ची इमारत म्हणजे तीस वर्षं केव्हाच उलटली. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. झाली आहे का, ते सभेत विचारा. भिंतीत वर्षानुवर्षं मुरणारं पाणी आतल्या सळ्या गंजवतं. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. बुरशी निदान डोळ्यांना दिसते, नाकाला कळते.

अण्णा_गिरगाव | ११ जुलै, सकाळी ६:२०

चार दिवस हा धागा वाचतोय. पहिल्या दिवशी जे लिहिलं ते घाईत लिहिलं. कुणी मेलं नाही असं मी म्हणालो. आमची आजी भिंतीकडच्या खाटेवर झोपायची. आषाढ-श्रावणात तिला धाप लागायची, रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायची. आम्ही म्हणायचो, आजीला दमा आहे. खाट दुसऱ्या भिंतीला लावावी असं कुणालाही सुचलं नाही. खोलीत दुसरी भिंत मोकळी नव्हतीही. ताई, मुलाला दाखवून घ्या.

पुस्तकवेडा | ११ जुलै, दुपारी ४:००

थोडं अवांतर. माझ्याकडे चाळीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत, पावसाळ्यात पुठ्ठ्यांवर पांढरी लव येते. कडुनिंबाचा पाला ठेवून पाहिला, उपयोग शून्य. काय करू?

ओळंबा | ११ जुलै, रात्री ८:००

कपाट बाहेरच्या भिंतीला असेल तर आधी हलवा. लव आलेले अंक मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने साफ करा, सावलीत वाळवा, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एसी असेल तर तासभर ड्राय मोडवर चालवा. पाल्यात स्वतःचंच पाणी असतं.

चिमणचारा | १७ ऑगस्ट, रात्री १०:१०

महिनाभर लिहू शकले नाही. आज सगळं सांगते.

मुलाची स्पायरोमेट्री झाली. दमा आहे, सौम्य. पंप सुरू केला. चौदा रात्री शांत झोपलाय. झोपलेला असताना मी उठून उठून त्याचा श्वास ऐकते, सवय जात नाहीये.

ओळंबांनी सांगितलं म्हणून नवरा रविवारी पावसात छत्री घेऊन इमारतीच्या मागे गेला. तिथे फक्त कचऱ्याची वाट आहे, कुणी जात नाही. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. गच्चीवरून पावसाचं पाणी खाली आणणारा पाइप आमच्याच भिंतीवरून उतरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये त्याचा सांधा उघडलेला, आणि त्या सांध्यातून हातभर उंचीचा पिंपळ वर आलाय. सर आली की पाण्याची धार सरळ भिंतीच्या भेगेत.

मी तडक वर गेले. काकूंनी दार उघडलं. त्यांना फोटो दाखवला, चुकले म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, मला आत बेडरूममध्ये घेऊन गेल्या आणि पलंग ओढायला लावला. मागे जमिनीलगत तसाच काळा पट्टा. त्यांना वाटत होतं, हे बाहेर कळलं तर आपल्यालाच दोष देतील, खालच्यांचं भांडण खरं ठरेल. म्हणून त्यांनी पलंग लावून झाकलं होतं. सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात, दोन वर्षं खोकतायत.

आम्ही दोघींनी एकाच अर्जावर सह्या केल्या. सेक्रेटरींनी लिहिलंय तसाच, फोटो आणि तारखांसह. उघडीप मिळाली त्या आठवड्यात पाइप बदलला. काकूंना मी उद्या छातीच्या डॉक्टरांकडे नेतेय.

ओळंबा | १७ ऑगस्ट, रात्री १०:४५

वाचून फार बरं वाटलं. पिंपळ नुसता वरून कापला असेल तर पुन्हा फुटेल. मूळ भेगेतून पूर्ण काढायला लावा. भेग व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरा, पण ते काम पाऊस संपल्यावर.

छातीची_डॉक्टर | १८ ऑगस्ट, सकाळी ८:००

छान झालं. पाइप बदलला म्हणून पंप मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसा कमी करा. काकूंच्या तपासणीच्या वेळी कबुतरांबद्दल आवर्जून सांगा.

चिमणचारा | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

भेग भरून झाली, खराब प्लास्टर काढून नवं केलं. रंगारी म्हणतो दिवाळीआधी रंग मारून देतो. मारू का?

ओळंबा | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

नको. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर आत अजून पाणी आहे. दर पंधरवड्याला बघत राहा. बहुतेक डिसेंबर उजाडेल.

राजू_रंगारी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:२०

ताई, डिसेंबरच बरोबर. आणि ते अ‍ॅसिडवालं मी बंद केलं, माझ्या पोरांनाही सांगितलं.

मुलुंडकर_नवा | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:००

आजच सदस्य झालो. आमच्याकडे पण काळा डाग आहे, पण आमचा मे महिन्यातही सुकत नाही. वरच्यांना विचारलं तर ते ऐकून घेत नाहीत.

ओळंबा | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

मग आतलं पाणी असण्याचा संभव जास्त. डागाच्या नेमकं वर त्यांचं काय येतं, न्हाणी की स्वयंपाकघराचं सिंक? फोटो टाका. आणि त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांचीही एखादी भिंत ओली आहे का, ते आधी विचारा.